हळद लाल होते, केळं गोड होतं: रासायनिक बदल ओळखायचा कसा?

नांदेडहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात अर्धापूर येतं. काळी जमीन, इसापूर धरणाचं पाणी आणि त्यांच्या जोरावर उभी राहिलेली केळी आणि हळद ही या तालुक्याची ओळख. रासायनिक बदल कसा ओळखायचा हे शिकायचं असेल तर प्रयोगशाळा शोधत फिरायची गरज नाही. ही दोन पिकं आणि घरातल्या चार वस्तू एवढ्यावर भागतं.

शाळेत वहीवर दोन रकाने आखायला लावतात. भौतिक बदल एकीकडे, रासायनिक बदल दुसरीकडे. बर्फ वितळला की पहिल्या रकान्यात, कागद जळाला की दुसऱ्या. परीक्षेपुरतं ते ठीक आहे. पण पुस्तकाबाहेरचं काही समोर आलं की आपण अडखळतो, कारण उदाहरणं पाठ झालेली असतात आणि ओळखायची रीत कुणी सांगितलेली नसते. ती रीत आपण आता सावकाश बघू.

आधी दोन शब्दांचा अर्थ. पदार्थ तोच राहिला, फक्त त्याचा आकार, अवस्था किंवा जागा बदलली, तर तो भौतिक बदल. पाण्याची वाफ झाली तरी ते पाणीच. मूळ पदार्थ संपून त्याच्या जागी वेगळ्या गुणांचा नवा पदार्थ आला, तर तो रासायनिक बदल. लाकूड जळून राख झाली, आता त्या राखेत लाकूड उरलेलं नाही. म्हणून प्रत्येक वेळी विचारायचा प्रश्न एकच: नवीन काही तयार झालं का?

याचं उत्तर डोळ्यांना थेट दिसत नाही, म्हणून खुणा बघायच्या. रंग बदलणं, वेगळा वास येणं, बुडबुडे म्हणजे वायू सुटणं, आपोआप गरम किंवा गार होणं, आणि दोन पातळ पदार्थ मिसळल्यावर खाली साका बसणं. या पाच खुणा साक्षीदारांसारख्या आहेत. बहुतेक वेळा खरं बोलतात, पण अधूनमधून सपशेल खोटं सांगतात. त्यामुळे एका खुणेवर निकाल द्यायचा नाही. दुसरी खूण सापडेपर्यंत थांबायचं. लोकांची चूक होते ती बहुतेक इथेच.

आता हळदीपासून सुरुवात करू. अर्धापूर आणि शेजारचा हिंगोली जिल्ह्यातला वसमत तालुका हा सगळा हळदीचा पट्टा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. जानेवारीनंतर इथे हळदीची काढणी सुरू होते. कंद जमिनीतून निघतात, माती झटकली जाते, गड्डे वेगळे आणि हळकुंडं वेगळी होतात. इथपर्यंत सगळं भौतिक आहे. मोडलं, धुतलं, निवडलं, पण हळद हळदच राहिली.

त्यानंतर हळद शिजवायची. पूर्वी शेतातच चुलवणावर मोठी कढई चढायची आणि जाळ लागायचा. आता बहुतेक ठिकाणी वाफेवर चालणारे ड्रमचे कुकर आले आहेत. कढईत साधारण पाऊण ते एक तास लागतो. फेस येतो, कच्चा उग्र वास जाऊन शिजल्याचा वास सुटतो, आणि हळकुंडात काडी टोचली की ती सहज आत जाते. कमी शिजली तर हळकुंड ठिसूळ होतं. जास्त शिजली तर रंग बिघडतो आणि मोंढ्यावर भाव पडतो.

हा बदल कुठल्या रकान्यात टाकायचा? इथे घोडं अडतं. कच्च्या कंदात पिवळा रंग ठरावीक पेशींमध्ये कोंडलेला असतो. शिजताना तो सगळ्या कंदभर पसरतो. रंग एकसारखा दिसू लागला तरी तो नवा नाही, फक्त जागा बदललेला आहे. स्टार्च म्हणजे कंदातला पिठूळ पदार्थ. तो गरम पाण्यात फुगून चिकट होतो, आणि त्याला भौतिक म्हणावं की रासायनिक यावर जाणकारांचंही एकमत नसतं. पण कंदातली प्रथिनं उष्णतेनं कायमची बिघडतात, कंद मरतो, आणि शिजलेलं हळकुंड जमिनीत लावलं तरी त्याला कोंब फुटत नाही. म्हणून माझा सल्ला असा की प्रश्न अख्ख्या हळकुंडाला विचारूच नये, त्यातल्या एकेका पदार्थाला विचारावा. स्वयंपाकातले बरेच बदल असे मिसळीचेच असतात, आणि त्यांना एका रकान्यात कोंबायचा हट्ट धरला की गोंधळ वाढतो.

शिजलेली हळद दहा-पंधरा दिवस उन्हात वाळते. १०० किलो ओल्या हळदीची वाळून साधारण २० किलो होते, जातीप्रमाणे थोडी कमी-जास्त. एवढं वजन गेलं म्हणजे काहीतरी जबरदस्त रासायनिक घडलं असणार, असं वाटणं साहजिक आहे. पण गेलं ते पाणी, वाफ होऊन. वाळणं भौतिक. हळकुंड मोडल्यावर खणकन आवाज आला की आत ओल राहिलेली नाही असं समजतात.

पुढे पॉलिश. जाळीच्या ड्रममध्ये हळकुंडं एकमेकांवर घासून वरची साल आणि मुळ्या निघतात. मग गिरणी, आणि हळदीची पूड. आता पुडीचं परत हळकुंड करून दाखवा! होणार नाही. तरीही हा बदल भौतिकच आहे, कारण पुडीतही तेच पदार्थ आहेत जे हळकुंडात होते. ‘परत मूळ रूपात आणता येत नाही तो रासायनिक बदल’ ही शाळेतली ओळ इथे उघडी पडते. ज्वारीचं पीठ, फुटलेला माठ, फाटलेलं धोतर यांतलं काहीच परत येत नाही, आणि यांतलं काहीच रासायनिक नाही. ती ओळ वहीतून खोडली तरी चालेल.

आता तीच पूड घेऊन एक खराखुरा रासायनिक बदल बघू. चमचाभर हळदीत थोडं पाणी घालून दाटसर लगदा करा. जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर तो पसरून सावलीत वाळवा आणि पानाच्या बोटभर रुंद पट्ट्या कापा. ही झाली आपली दर्शक पट्टी. दर्शक म्हणजे समोरचा पदार्थ आंबट आहे की त्याच्या उलट गुणाचा, त्याप्रमाणे स्वतःचा रंग बदलून दाखवणारा पदार्थ. हळदीत हे काम कुरकुमिन नावाचं पिवळं द्रव्य करतं. १८१५ साली फोगेल आणि पेलेतिए या दोघांनी ते हळदीतून वेगळं काढलं.

एका पट्टीवर चुन्याच्या निवळीचा थेंब टाका. निवळी म्हणजे चुना पाण्यात ढवळून, खाली बसू देऊन, वरून घेतलेलं स्वच्छ पाणी. थेंब पडताच पिवळा रंग विटकरी लाल होतो. चुना आम्लारी आहे, म्हणजे आंबटाच्या उलट गुणाचा, हाताला बुळबुळीत लागणारा पदार्थ. त्यानं कुरकुमिनच्या कणाची रचना बदलली आणि वेगळ्या रंगाचं रूप तयार झालं.

त्याच लाल डागावर आता लिंबू पिळा. डाग परत पिवळा. म्हणजे रासायनिक बदल झाला, आणि तो उलटलाही. लग्नघरात हळदीच्या दिवसाचे कपडे धुताना हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. साबण लागला की डाग लालभडक, आणि भरपूर पाण्यात खळबळून काढला की पुन्हा पिवळा. साबणाचा आम्लारी गुण लाल करतो, तो धुऊन गेला की कुरकुमिन जुन्या रूपात येतं.

हा प्रयोग फसतो तो दोन-तीन कारणांनी. भांडी घासायचे आणि केस धुण्याचे काही पातळ साबण आम्लारी नसतातच, त्यांनी पट्टी ढिम्म हलत नाही. तिथे हळदीला दोष देऊ नका. कपड्यांची पावडर, धुण्याचा सोडा किंवा चुना घ्या, हमखास जमतं. दुसरं, पट्टी ओली गच्च असेल तर थेंब पसरून रंग फिका दिसतो, म्हणून ती पूर्ण वाळू द्या. आणि हळदीत वरून रंग मिसळलेला असेल तर लाल होणं अर्धवट दिसतं, म्हणून शक्यतो घरी दळलेली हळद वापरा.

साबणानं न जाणारा हाच डाग कडक उन्हात टाकला की विरळ होत होत निघून जातो. इथे कुरकुमिन प्रकाशानं मोडतं आणि त्याचे रंगहीन तुकडे होतात. आता लिंबू पिळा, साबण लावा, काही करा, पिवळा परत येत नाही. एकाच द्रव्याचे हे दोन रासायनिक बदल, एक उलटणारा आणि एक न उलटणारा. हळदीचा डाग पडलेली ओढणी घासून फाडण्यापेक्षा दोन-तीन दुपारी उन्हात ठेवणं केव्हाही चांगलं.

कुंकवाची गोष्टही याच घरातली. जुन्या पद्धतीत हळद, टाकणखार, तुरटी आणि लिंबाचा रस यांतून कुंकू करत. पंढरपूर त्यासाठी प्रसिद्ध आहे. लिंबू तर लाल हळदीला पिवळं करतं, मग लिंबाच्या रसात केलेलं कुंकू लाल कसं राहतं? कारण टाकणखारात बोरॉन नावाचं मूलद्रव्य असतं. ते कुरकुमिनशी पक्कं जोडलं जातं आणि त्यातून होणारा लाल पदार्थ आंबटातही टिकतो. चुन्यानं लाल झालेली हळद आणि टाकणखारानं लाल झालेली हळद डोळ्यांना सारखीच दिसते, पण पदार्थ वेगळे. आजकाल बाजारातल्या बऱ्याच कुंकवात कृत्रिम रंग असतो. तोही लिंबानं बदलत नाही, त्यामुळे लिंबू पिळून कुंकू अस्सल की नकली हे ठरवायला जाऊ नका.

हळद झाली, आता केळीच्या बागेत येऊ. बसराई, अर्धापुरी, ग्रँड नैन ही सगळी एकाच कॅव्हेंडिश गटातली केळी. घड हिरवा असतानाच कापतात. कापताना दांड्यातून चीक गळतो. तो पाण्यासारखा, रंग नसलेला. पण कपड्यावर पडला की हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन काळपट तपकिरी होतो, आणि मग धोब्याच्या बापालाही निघत नाही. म्हणून केळी कापायला जाणारा माणूस जुना सदराच घालतो. रंग बदलला आणि धुऊन जाण्याचा गुणही गेला. दोन खुणा जुळल्या, निकाल द्यायला हरकत नाही.

कच्च्या केळ्याच्या गराचा साधारण पाचवा हिस्सा स्टार्च असतो. पिकताना त्याची साखर होते, आणि पूर्ण पिकलेल्या केळ्यात स्टार्च जेमतेम एक-दोन टक्के उरतो. हे काम विकरं करतात. विकर म्हणजे सजीवांच्या शरीरात रासायनिक काम भराभर उरकणारा पदार्थ. गोडी बाहेरून येत नाही, केळ्यातच तयार होते. त्याच वेळी सालीतलं हरितद्रव्य मोडतं आणि खाली आधीपासून असलेला पिवळा रंग दिसू लागतो. केळ्याचा ओळखीचा वास मात्र खरोखर नवा, तो देणारी द्रव्यं पिकतानाच बनतात.

हे घरी तपासून बघता येतं. औषधाच्या दुकानातून टिंक्चर आयोडीन आणा, किंवा जखमेला लावायचं तपकिरी पोव्हिडोन आयोडीन घरात असेल तर तेही चालेल. थोड्या पाण्यात पातळ करा. एकाच फणीतलं एक केळं हिरवं असताना कापा, एक पिवळं झाल्यावर, एक ठिपके पडल्यावर. प्रत्येकाच्या चकतीवर दोन थेंब टाका. आयोडीनला स्टार्च भेटला की निळसर काळा रंग येतो. हिरव्या केळ्याची चकती काळीकुट्ट होईल, ठिपकेवाल्या केळ्यावर आयोडीनचा तपकिरी रंग तसाच राहील.

हा प्रयोग नेमका कुठे चुकतो ते सांगतो. चकती काळी पडू नये म्हणून बरेच जण आधी लिंबू लावतात. लिंबातलं क जीवनसत्त्व आयोडीनचा रंगच घालवून टाकतं, आणि कच्चं केळंही पिकलेलं असल्यासारखं दिसतं. दुसरी चूक गरम पदार्थावर थेंब टाकण्याची. उकडलेला बटाटा किंवा भाताची पेज गरम असताना निळा रंग येतच नाही, थंड झाल्यावर येतो. आणि आयोडीन लावलेली चकती खायची नाही. लहान मुलं जवळ असतील तर ती लगेच टाकून द्या.

पिकण्याची सुरुवात करून देतो इथिलीन नावाचा वायू. फळ तो स्वतः तयार करतं. १९३४ मध्ये रिचर्ड गेन या शास्त्रज्ञानं हे दाखवून दिलं. एक पिकलेलं केळं कच्च्या फणीबरोबर पिशवीत बांधून ठेवलं की फणी लवकर पिकते ती यामुळेच. पिकवण्याच्या खोलीत, ज्याला सगळे रायपनिंग चेंबर म्हणतात, बाहेरून इथिलीन सोडतात आणि तापमान साधारण १५ ते १८ अंशांवर धरतात. तिथे थंडावा देत राहावा लागतो, कारण पिकणारी केळी स्वतः ऊब टाकतात. कार्बन डायऑक्साइडही सुटतो, म्हणून मधूनमधून दार उघडून हवा बदलतात. ऊब आली, वायू आला, रंग, वास आणि चव बदलली. एवढ्या खुणा एकत्र क्वचितच मिळतात.

कॅल्शियम कार्बाइडनं फळं पिकवायला आपल्याकडे २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार बंदी आहे. ओलाव्याशी गाठ पडली की कार्बाइडमधून ॲसिटिलीन वायू निघतो आणि मागे चुना उरतो. हाही रासायनिकच बदल, पण त्या वायूबरोबर आर्सेनिक आणि फॉस्फरसची विषारी संयुगं येऊ शकतात. इथिलीन वायूला मात्र परवानगी आहे, हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत. लोक या दोघांना एकाच मापानं मोजतात आणि चेंबरमधलं केळं म्हणजे ‘केमिकलचं’ असं म्हणून टाकतात, ते काही बरोबर नाही.

केळ्याच्या बाबतीत रंगाची खूण फसवते ती तीन प्रकारे. पहिला प्रकार सालीनं पिवळं, आतून कच्चं. साल बदलली, गर बदलला नाही. आयोडीन टाकलं की लगेच कळतं. दुसरा प्रकार आपल्याकडच्या उन्हाळ्यातला. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की घरात ठेवलेली केळी मऊ आणि गोड होतात, पण हिरवीच राहतात. कॅव्हेंडिश केळ्यातलं हरितद्रव्य जास्त उष्णतेत नीट मोडत नाही. स्टार्चची साखर झाली, सालीचा रंग मात्र मागे राहिला. अशी केळी कच्ची समजून लोक आणखी ठेवतात आणि ती सडतात. दाबून बघा, एक सोलून खा.

तिसरा प्रकार फ्रिजमधला. १३ अंशांच्या खाली केळ्याच्या सालीला थंडी बाधते, पेशी फुटतात, आतली द्रव्यं विकरांशी आणि ऑक्सिजनशी मिसळून साल काळी पडते. बदल खरोखर रासायनिक आहे, पण तो सालीपुरता. आतला गर बऱ्याचदा चांगला असतो. काळं दिसलं म्हणून उकिरड्यावर टाकू नका.

आता उष्णतेच्या खुणेकडे वळू, कारण शेतकऱ्याला ती रोज भेटते. फवारणीसाठी बादलीभर पाण्यात युरिया टाकून ढवळला की बादली हाताला चक्क गार लागते. काहीतरी रासायनिक घडतंय असं वाटावं इतकी गार. पण हे नुसतं विरघळणं आहे. ते पाणी ताटलीत घेऊन उन्हात आटवलं की पांढरा युरिया पुन्हा मिळतो. तोच युरिया ओल्या जमिनीवर पसरून तसाच सोडला की काही काळानं नाकात झोंबणारा अमोनियाचा वास येतो. तिथे मात्र मातीतल्या विकरांनी युरिया मोडून नवा पदार्थ केलेला असतो, आणि आपलं खत हवेत चाललेलं असतं. म्हणून तर युरिया मातीआड करायला सांगतात.

युरियाच्या बरोबर उलट कळीचा चुना. पांढऱ्या ढेकळांवर पाणी ओतलं की ती तडकतात, फुगतात, वाफा निघतात, आणि खाली जाळ नसताना पाणी खदखदतं. आधीही पांढरं, नंतरही पांढरं. रंगाच्या साक्षीवर विसंबलात तर काहीच झालं नाही असं म्हणाल. पण हा भिजलेला चुना उन्हात कितीही वाळवला तरी त्याची परत कळी होत नाही, त्याला भट्टीची धग लागते. हे करताना पाणी थोडं थोडं ओता आणि तोंड लांब ठेवा. चुन्याचा शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. लगेच भरपूर पाण्यानं धुऊन दवाखाना गाठा.

भिंतीला लावलेला चुना पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगडासारखा घट्ट होतो. कंधारच्या किंवा औशाच्या किल्ल्यात जुन्या चुन्याचे सांधे टणक झालेले दिसतात ते याच बदलामुळे.

सिमेंटबद्दलचा गैरसमज तर घर बांधणाऱ्याला महागात पडतो. ‘स्लॅब वाळला’ असं आपण सहज बोलून जातो, पण सिमेंट वाळून घट्ट होत नाही. ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होतं, आणि पाणी संपलं की काम अर्ध्यावर थांबतं. म्हणून निदान ७ ते १० दिवस पाणी मारायचं असतं. मराठवाड्याच्या उन्हात दोन दिवसांत वरून कोरडा दिसणारा स्लॅब बघून पाणी थांबवलं की पुढे भेगा पडतात आणि मग गवंड्याच्या नावानं शिमगा होतो.

बुडबुड्यांचं तसं सोपं आहे. पाणी तापत ठेवलं की उकळण्याआधीच भांड्याच्या तळाशी बारीक बुडबुडे दिसतात. ती पाण्यात मिसळलेली हवा, आणि उकळताना येतात ते वाफेचे. दोन्ही भौतिक. खायच्या सोड्यावर लिंबू पिळल्यावर फसफसतो तो वायू मात्र नव्यानं बनलेला असतो.

बोअरचं पाणी रोज तापवलं की पातेल्याच्या तळाशी पांढरा थर धरतो. पाणी आटून मीठ उरलं, असं बरेच जण समजतात. खात्री करायची असेल तर दोन वाट्या घ्या. एकीत मिठाचं पाणी आटवून मिठाचा थर करा, दुसरीत पातेल्यातला खरवडलेला थर टाका. दोन्हींत साधं पाणी घाला. मीठ विरघळून जाईल, खरवड तशीच राहील. आता खरवडीवर लिंबू किंवा व्हिनेगर टाका, बुडबुडे येतील. हा थर पाण्यात आधी नव्हताच. पाण्यात विरघळलेला एक क्षार उष्णतेनं मोडला आणि त्यातून न विरघळणारा कॅल्शियम कार्बोनेट खाली बसला. गिझरच्या कॉइलवर साचतो तो थरही मुख्यतः हाच.

साका बसण्याची खूण बघायला चुन्याची निवळी पुन्हा कामाला येते. ग्लासात थोडी निवळी घ्या आणि स्ट्रॉनं हळूहळू फुंका. तोंडात ओढायचं नाही, फक्त फुंकायचं. निवळी दुधासारखी होते, कारण श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडनं तिथेही कॅल्शियम कार्बोनेट बनवला. मुलं उत्साहात फुंकतच राहतात आणि पाणी पुन्हा स्वच्छ होतं, मग ‘प्रयोग बिघडला’ म्हणतात. बिघडलेला नाही. जास्तीच्या वायूनं त्या साक्याचं परत विरघळणाऱ्या क्षारात रूपांतर केलं. हे स्वच्छ पाणी उकळून बघा, पातेल्यातल्यासारखाच पांढरा थर परत बसेल.

जळणं आणि गंजणं यांवर फार बोलायला नको, ते सगळ्यांना ओळखता येतं. कापसाच्या पराट्या चुलीत दहा मिनिटांत जळतात, आणि बांधावर विसरलेला विळा पावसाळाभर गंजतो. दोन्हीकडे ऑक्सिजनशीच संयोग, फरक वेगाचा. लोखंडाचा झारा जाळात लाल होतो तो मात्र नुसता तापलेला, गार झाला की होता तसा.

आता राहिली चिंच. लातूर जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेलाही २०२४ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं. चिंचेत टार्टारिक आम्ल भरपूर असतं. काळपट पडलेल्या तांब्याच्या घागरीवर चिंचेचा कोळ चोळून थोडा वेळ थांबा, मग पाणी ओता. खालून लखलखीत तांबं निघतं. घागर काळी पडली तेव्हा तांब्याचा ऑक्सिजनशी संयोग झाला होता. आम्लानं त्या काळ्या थरातून पाण्यात विरघळणारा नवा पदार्थ केला, आणि तो वाहून गेला. नुसत्या राखेनं घासून तोच थर खरवडला असता तर ते काम भौतिक झालं असतं.

ज्या पाण्यानं घागर विसळली त्यात तांबं उतरलेलं असतं, म्हणून ते जनावरांपुढे ठेवू नका, मोरीत जाऊ द्या. आणि कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात चिंचेचं सार, कढी किंवा लिंबाचं सरबत रात्रभर झाकून ठेवायचं नाही. आम्ल तिथेही तेच काम करत राहतं.